बुरशीला हसू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत फसलेल्या भयपटांवर लेख आला. त्यात ‘चिल्ड्रन ऑफ द कॉर्न’च्या दुसऱ्या भागाची यथेच्छ टिंगल आहे. टिंगलीला माझी हरकत नाही, पिक्चर टुकारच आहे. 1992 साली नावात ‘द फायनल सॅक्रिफाइस’, म्हणजे अखेरचा बळी, असं लिहायचं आणि मग 1995, 1996, 1998, 1999, 2001 अशी पुढच्या भागांची, म्हणजे बळींची, रांग लावायची, त्यांना नाही हसायचं तर कुणाला? माझी तक्रार लेखातल्या एकाच वाक्याबद्दल आहे. मक्यावरच्या बुरशीने माणसाचं काही वाईट होतं, ही कल्पना लेखकाला सगळ्यात हास्यास्पद वाटली. माझी नोकरी वाशीच्या दाणाबंदरात, म्हणजे धान्याच्या घाऊक बाजारात, एका गाळ्यावर माल तपासण्यात गेली. मला विचाराल तर त्या सिनेमात खरं असं तेवढंच आहे.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. भयकथा लिहिणाऱ्या स्टीफन किंगची मूळ कथा 1977 ची, पहिला चित्रपट 1984 चा. अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातल्या गॅटलिन गावची पोरं मक्याच्या ओळींमागे फिरणाऱ्या कुठल्याशा दैवताच्या नादी लागतात आणि गावातल्या सगळ्या मोठ्या माणसांना मारून टाकतात. दुसऱ्या भागात उरलेल्या या पोरांना शेजारच्या हेमिंगफर्डचे लोक आपापल्या घरी सांभाळायला नेतात. (आईबापांना मारलेल्या पोरांना घरात झोपवायचं म्हणजे कमालच, पण असो.) पुढे रीतसर मुडदे पडतात. जॅकवर उचलून ठेवलेल्या घराखाली एक म्हातारी मांजर शोधायला शिरते आणि पोरं अख्खं घर तिच्यावर खाली सोडतात. आमच्याकडे कोपरखैरण्यात तेव्हा भाड्याने व्हीसीआर आणायची पद्धत होती. या प्रसंगाला जमलेला सगळा शेजारपाजार खो खो हसला.

मग एक बातमीदार आणि एक मूळनिवासी प्राध्यापक गावचा मका तपासायला जातात. त्यांना दिसतं काय, तर गेल्या वर्षीचा मका नव्या मालात मिसळून विकला जातोय आणि जुन्यावर हिरवी बुरशी आहे. शेरीफला, म्हणजे तिथल्या पोलीसप्रमुखाला, सगळं ठाऊक असतं. तो दोघांना बांधून कापणीच्या यंत्रापुढे टाकतो.

जुना माल नव्यात! सिनेमा लिहिणाऱ्याने कुठल्यातरी गोदामात पाय ठेवला असणार.

कारण हे असंच चालतं. फरशीवर नव्या मक्याचा ढीग घालायचा, त्यावर जुन्याची पोती रिकामी करायची, फावड्याने वरखाली करून पुन्हा पोती शिवायची. नव्या दाण्याच्या चकाकीत जुना मळकट दाणा खपून जातो. नमुना काढायची लोखंडी नळी वरवर खुपसली तर काही कळत नाही. पोत्याच्या पोटात खुपसून मूठभर दाणे तळहातावर घ्यायचे. दाणा जिथे कणसाला चिकटलेला असतो त्या टोकाला पोपटी भुकटी दिसते, चोळली की बोटाला लागते. वास ओल्या भिंतीच्या कपाटात राहिलेल्या चादरीसारखा. कोपरापर्यंत हात घातल्यावर आत ऊब लागली तर माल ओला भरलाय हे नक्की. सरकारी खरेदीत मक्याला 14 टक्क्यांच्या वर ओलावा चालत नाही, तो उगीच नव्हे.

असा माल एकदा मी बाजूला काढायला लावला, तर व्यापारी म्हणाला, “भाऊ, कोंबड्यांना जायचाय, माणसांना नाही.” आता गंमत बघा, या विषाचा शोधच मुळी पक्ष्यांमुळे लागला. 1960 मध्ये इंग्लंडात एक लाखाच्या वर टर्की पटापट मेल्या. कारण निघालं ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीत. अस्परजिलस फ्लेवस नावाची बुरशी, आणि तिचं विष म्हणून अफ्लाटॉक्सिन.

माणसांची पाळी आपल्याच देशात आली. 1974 च्या पावसाळ्याअखेर गुजरातचा पंचमहाल आणि राजस्थानचा बांसवाडा या भागांत अवकाळी पावसाने मका भिजला. तो तसाच घरात साठवला गेला. आदिवासी वस्त्यांमध्ये दुसरं खायला नव्हतं, म्हणून बुरशीचा मका आठवडेच्या आठवडे पोटात गेला. लोकांना कावीळ झाली, पोटात पाणी भरलं. 397 जण आजारी पडले, 106 दगावले. घरातलं उष्टं खाणारी कुत्रीसुद्धा तशीच मेली. सिनेमातल्या सगळ्या भागांतले मुडदे मोजले तरी माझ्या अंगावर तेवढा काटा येत नाही.

सिनेमावाल्यांची चूक निराळीच आहे. त्यांच्या बुरशीचं विष हवेतून पसरतं आणि पोरांची डोकी फिरवतं. अफ्लाटॉक्सिन डोक्यात नाही, यकृतात जातं. डोक्यावर परिणाम करणारी बुरशी हवीच होती तर राय नावाच्या धान्यावरचा अरगट होता. आपल्याकडे बाजरीवरही अरगट पडतो, त्याने गरगरतं आणि उलट्या होतात. तेवढं विचारायचं होतं कुणा धान्यवाल्याला. वर एवढा चांगला धागा हाती लागलेला असताना त्यांनी तो सोडून दिला आणि पुन्हा सैतानाच्या मागे लागले. शेरीफसारखा माणूस, गावाचा माल खपावा म्हणून गप्प बसणारा, हा त्या पिक्चरमधला खरा खलनायक होता. त्याच्यासाठी ना मेकअप लागत होता ना ट्रिक सीन. कमी पैशांतला पिक्चर म्हणता ना, मग याहून स्वस्त भीती कुठली मिळणार होती?

तेव्हा पुढच्या पुरवणीत छोटी दुरुस्ती छापावी. तिथेच हेही छापा की घरच्या स्वयंपाकाच्या आचेने हे विष पुरतं जात नाही, तेव्हा बुरशी दिसलेला मका धुऊन, भाजून खाऊ नये, टाकून द्यावा. आणि लेखकमहाशयांना सवड असेल तर त्यांनी पावसाळ्यात एकदा दाणाबंदरात यावं. ओळखीच्या गाळ्यावर नेऊन पोत्यात हात घालायला लावीन. फक्त सकाळी यावं, दुपारी माथाडी जेवायला बसले की पोतं खाली उतरवायला कुणी मिळत नाही.

आपला,
दाणाबंदरातला एक निवृत्त कर्मचारी,
कोपरखैरणे, नवी मुंबई