खुराड्याला जाळी, कुत्र्याला लस : ग्रामस्थांना आणि चाकरमान्यांना आवाहन

ग्रामस्थ बंधू-भगिनींनो, बचत गटांतल्या ताईंनो आणि मे महिन्यात गावी येणाऱ्या चाकरमानी मंडळींनो,

सड्यावरून कोल्हा उतरतो आणि रात्री कोंबडी उचलून नेतो, हे कोकणात पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. काळजी वेगळी आहे. भर दुपारी गडगा ओलांडून खळ्यात येणारा, हाकलला तरी न हलणारा कोल्हा दिसला, तर तो पिसाळलेला आहे असे धरूनच वागायला हवे. अशा वेळी घरातले कोणीतरी काठी घेऊन धावते आणि त्याच्या तोंडातली कोंबडी ओढून काढायला जाते. चावा बसतो तो तिथेच. हे सगळे आवाहन तो हात वाचवण्यासाठी आहे.

पोटासाठी आलेला कोल्हा कोंबडी मानेला धरून झाडीत पळतो, मागे पिसांची रेघ राहते. पिसाळलेला चावत सुटतो : कोंबडी, कुत्रा, गोठ्यातले वासरू, जे समोर येईल ते. जबडा लोंबतो, लाळ गळते, मागचे पाय लटपटतात. मात्र खुराड्यात पाच-सहा कोंबड्या चावून तशाच टाकलेल्या दिसल्या म्हणून लगेच आवई उठवू नका. मुंगूस आणि भटके कुत्रेही तसेच करतात. पिल्लांची आई दिवसाही फिरते, आणि डिस्टेंपर (कुत्र्यांनाही होणारा एक वेगळा विषाणूजन्य रोग) झालेला कोल्हाही झोकांड्या खातो. खात्री होते ती मेलेल्या जनावराचा मेंदू प्रयोगशाळेत तपासल्यावरच. म्हणून मेलेला कोल्हा आढळला तर त्याचे डोके ठेचू नका, त्याला हात लावू नका. वर डालगे पालथे घाला, त्यावर दोन चिरे ठेवा, कुत्री बांधा आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. जिवंत असला तरी क्रमांक तोच. कोल्हा, मुंगूस, उदमांजर यांना १९७२ च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. त्यांना विष घालू नका. शिवाय थिमेट हे कीटकनाशक लावलेली मासळी टाकली की आधी मरतात ती घरचीच कुत्री-मांजरे.

रेबीज, म्हणजे पिसाळण्याचा रोग, हा सस्तन प्राण्यांचा रोग. कोंबडीपासून तो माणसाला होत नाही, उरलेल्या कोंबड्यांची अंडी निर्धास्त खा. पण नुकत्याच चावलेल्या कोंबडीच्या पिसांवर लाळ असते, आणि मासळी कापणाऱ्या, काजूगर सोलणाऱ्या हातांना चिरा असतातच. ‘वाया कशाला घालवायची’ म्हणून अशी कोंबडी सोलायला घेऊ नका. प्लॅस्टिकची पिशवी हातात उलटी घालून ती उचला, विहिरीपासून लांब दोन-अडीच हात खोल पुरा आणि जागा साबणाच्या पाण्याने धुऊन काढा.

चावा किंवा ओरखडा, कितीही लहान असो, वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण १५ मिनिटे धुवा. घड्याळ लावून धुवा, कारण घाबरलेल्या माणसाला दोन मिनिटेच पंधरा वाटतात. हळद, चुना, मिरची, तेल, काही लावू नका. मग लगेच सरकारी रुग्णालयात जा. दंडाच्या स्नायूत लस दिली तर पहिल्या दिवसाला ० धरून ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी सुई असते. कातडीत दिली तर ०, ३, ७ आणि २८. जंगली प्राण्याचा चावा सर्वांत गंभीर गटात धरतात, म्हणून जखमेत सीरमही (रेबीजविरोधी तयार प्रतिपिंडे) भरावे लागते. ते विचारून घ्या, नुसत्या लसीवर परत येऊ नका. ‘दहा दिवस जनावरावर लक्ष ठेवा’ हा नियम कुत्र्या-मांजरापुरता आहे, कोल्ह्याला तो लागू नाही. गरोदर बाईलाही लस चालते. मुले मार बसेल म्हणून ओरखडा लपवतात, त्यांना रागावू नका. लक्षणे दिसू लागली की जवळजवळ कोणीच वाचत नाही.

गोठ्याचे एकच सांगतो. गाय लाळ गाळू लागली, चारा गिळेना, की घशात आंब्याची बाठ अडकली असे समजून तोंडात हात घातला जातो. घालू नका, तो रेबीजही असू शकतो. आधी १९६२ वर पशुवैद्यकांना कळवा.

आता खुराड्याबद्दल. बाजारात मिळणारी षटकोनी भोकांची कोंबडीजाळी कोंबडीला आत ठेवते, पण कोल्ह्याला बाहेर ठेवत नाही. तो ती दाताने फाडतो, आणि दोन इंचांच्या भोकातून मुंगूस शिरते. अर्ध्या इंची चौकोनाची गॅल्व्हनाइज्ड वेल्डमेश (जस्त चढवलेली, तारांचे सांधे वेल्ड केलेली) जाळीच हवी. चार फूट लांब, तीन फूट रुंद, तीन फूट उंच खुराड्याला तीन फुटी पन्ह्याची जाळी अशी लागते : चारही बाजूंना १४ फूट, छपराखाली ४ फूट, आणि भोवतीच्या झालरीला १० फूट. एकूण २८. झालर म्हणजे दीड फूट रुंदीची पट्टी, खुराड्याच्या पायाला बांधून बाहेर जमिनीवर आडवी पसरलेली. आपल्याकडे कातळ लागतो, जाळी पुरायला खणता येत नाही. झालरीवर चिरे मांडले की काम होते, कारण कोल्हा भिंतीला अगदी चिकटून उकरतो आणि त्याच्या पंजाखाली जाळीच येते. छपराखालची जाळी विसरू नका, उदमांजर आंब्याच्या फांदीवरून कौलांवर उतरते आणि कौल सरकवते. दाराला वर-खाली दोन कड्या लावा. खाऱ्या हवेत जाळी गंजते ती कापलेल्या टोकांपासून आणि बाइंडिंग तारेच्या गाठींपासून. टोकांना रंग लावा, पावसाआधी आणि दसऱ्याला प्रत्येक गाठ बोटाने दाबून बघा. दिवेलागणीला कोंबड्या आत घ्या. मासळीची आतडी आणि चिकनच्या दुकानांतला कचरा उघड्यावर टाकाल तर जाळी लावूनही कोल्हा रोज येईल.

५० फुटांच्या दोन गुंडाळ्यांत तीन खुराडी होतात, एका गुंडाळीत एकच. म्हणून तीन-तीन शेजाऱ्यांनी मिळून नाव नोंदवा. सड्यालगतच्या घरांना आणि एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना आधी जाळी देऊ. आम्हाला हवे आहे : वेल्डमेशच्या गुंडाळ्या, जुने पण धड वासे आणि रिपा, चिरे, पक्कड, पत्रा कापायची कात्री, आणि दोन रविवार काम करतील असे सुतार.

दुसरी गरज कुत्र्यांच्या लसीची. कोल्ह्याशी आधी भिडतो तो दारातला कुत्रा, आणि मग पिसाळतो तोही तोच. तीन महिन्यांच्या पिल्लाला पहिली लस, पुढे दरवर्षी. गावातल्या १०० पैकी ७० कुत्र्यांना लस मिळाली तर साखळी तुटते. शेजारच्या गोव्याने याच वाटेने जाऊन २०२१ मध्ये ‘रेबीज नियंत्रित’ हा दर्जा मिळवला. लस २ ते ८ अंशांत ठेवावी लागते, ती गोठली तरी निकामी होते. पावसाच्या तोंडावर वीज जाते, म्हणून बर्फपेट्या हव्यात. कुत्री धरायची जाळी, चामडी हातमोजे आणि लस दिलेल्या कुत्र्यावर खूण करायचा रंगही हवा. ज्यांचा कुत्रा एरवी कोणाला हात लावू देत नाही, त्यांनी लसीकरणाच्या दिवशी स्वतः घरी थांबावे. हीसुद्धा मदतच आहे.

पैसे ग्रामपंचायत कार्यालयात द्या आणि पावती घेतल्याशिवाय जाऊ नका. जमा-खर्च फलकावर लागेल. मुंबईकरांनी येताना जाळी आणली तर उत्तमच, पण घेण्याआधी अर्ध्या इंचाचा चौकोन पट्टीने मोजून घ्या. सामान शाळेजवळच्या मांगरात उतरवून घेतले जाईल.