चिऊस, पावलांच्या आवाजाविषयी

गोरेगाव, मुंबई

चि. चिऊस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "बाबा, साउंड लायब्ररीत पावलांचे हजारो आवाज तयार आहेत, मग फोलीसाठी एवढे पाय कशाला झिजवायचे?" मी तेव्हा स्टुडिओत होतो, मागे दिग्दर्शक ताटकळत बसले होते, म्हणून 'नंतर बोलू' म्हणून फोन ठेवला. पण प्रश्न काही डोक्यातून जाईना. पडद्यावरच्या माणसांच्या हालचालींचे आवाज स्टुडिओत स्वतः करून भरायचे, ही फोलीच तर माझा धंदा. हे फोनवर दोन मिनिटांत सांगण्यासारखं नाही, म्हणून जेवण उरकून लिहायला बसलोय.

आधी थोडं जुनं सांगतो. 14 मार्च 1931 ला आपल्या गिरगावात, मॅजेस्टिकमध्ये 'आलम आरा' लागला. भारतातला पहिला बोलपट. त्याचं शूटिंग झालं तो स्टुडिओ रेल्वेच्या रुळांजवळ होता. दिवसभर गाड्यांची धडधड, मग माइकपुढे बोलणार काय? म्हणून गाड्या थांबल्या की रात्री एक ते चारच्या दरम्यान शूटिंग चालायचं, आणि माइक कॅमेऱ्याला दिसणार नाहीत असे नटांच्या आसपास लपवलेले असायचे. बोलणं, गाणं, वाद्यं, सगळं एका दमात फिल्मवर उतरवायचं. चुकलं तर पुन्हा पहिल्यापासून. त्या सिनेमाची एकही प्रत आज उरलेली नाही. मला मात्र नेहमी वाटतं, त्या आवाजात कुठेतरी मागे एखाद्या मालगाडीची शिट्टी राहून गेली असेल.

पुढच्याच वर्षी कोल्हापूरच्या प्रभातने 'अयोध्येचा राजा' काढला, तो मराठीत वेगळा आणि हिंदीत वेगळा. तेच नट, तेच सेट, पण चित्रीकरण दोनदा. आवाज आणि चित्र एकमेकांना असे चिकटलेले होते की भाषा बदलायची तर सगळा प्रसंगच पुन्हा उभा करावा लागे. हे लक्षात ठेव, तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे.

मग आली डबिंगची वर्षं. हातात धरून पळता येईल असा हलका कॅमेरा आला, पण तो शिवणयंत्रासारखा खडखडायचा. शिवाय आउटडोअरला बघ्यांची गर्दी, हॉर्न, जनरेटर. सेटवर पायलट ट्रॅक, म्हणजे कच्चा आवाज, घ्यायचा तो फक्त नटाला नंतर ओठ जुळवता यावेत म्हणून. सिनेमात तुला जे ऐकू येई ते सगळं मागून, बंद खोलीत भरलेलं. मी या धंद्यात आलो तेव्हा हेच चालू होतं. पुढे 2001 च्या 'लगान'पासून सिंक साउंडवर, म्हणजे शूटिंगच्या वेळीच सेटवर टिपलेल्या आवाजावर, आपल्या लोकांचा विश्वास बसत गेला. तेव्हा आमच्यातल्या कितीतरी जणांना वाटलं, संपलं आता आपलं काम.

संपलं नाही, त्याची दोन कारणं. सेटवरचा माइक माणसाच्या तोंडाकडे असतो. नटीच्या पदराआड लावलेल्या चिमुकल्या लेपल माइकला तिचा श्वास मिळतो, पाऊल मिळत नाही. आणि दुसरं कारण भाषेचं. सिनेमा तमिळमध्ये किंवा फ्रेंचमध्ये डब करायचा म्हणून मूळ संवाद काढले, की त्यांच्याबरोबर दार लोटल्याचा, कप ठेवल्याचा, बांगड्या किणकिणल्याचा आवाजही जातो, कारण तो त्याच ट्रॅकवर असतो. ती सगळी जागा आम्ही भरतो. 1932 साली जे दोनदा शूट करावं लागे, ते आज एका खोलीत चार प्रकारच्या फरश्या आणि एक पेटी चपला घेऊन होतं.

आता लायब्ररी. लायब्ररी वाईट नाही, मीही वापरतो. वीज कडाडली, ट्रेन गेली, लांबवर कुत्रं भुंकलं, घे खुशाल. पण पाऊल म्हणजे माणूस असतो, बाळा. लायब्ररीतलं 'स्त्री, अनवाणी, दगडी फरशी' हे पाऊल कुणाचंच नसतं. ती बाई रागात आहे की तिला झोप लागत नाहीये, कडेवर मूल आहे की नाही, घर तिचं आहे की ती तिथे पाहुणी आहे, यातलं काहीही त्यात नसतं.

तुला एक गोष्ट आजवर सांगितली नव्हती. तू तीन वर्षांची असशील. एका जुन्या काळातल्या सिनेमात वाड्यातली बाई स्वयंपाकघरातून ओसरीवर येते, असा लांबलचक शॉट होता. मी शहाबादी फरशीवर अनवाणी चाललो, जोडव्यांसाठी बोटात लोखंडी वळं घातलं, साडीसाठी एक साडी दोन्ही हातांत धरून पायांपुढे हलवली. सिंक अगदी फ्रेमला फ्रेम. सेकंदाला 24 फ्रेम असतात आणि एक फ्रेम जरी इकडे तिकडे झाली तरी मला खटकतं. सगळे आवाज एकत्र जुळवताना, मिक्सिंगला, सगळे खूश. मी हौसेने आजीला थिएटरात घेऊन गेलो. बाहेर पडताना ती म्हणाली, "सिनेमा चांगलाय रे, पण त्या बाईने नेसलीय नऊवारी आणि ऐकू येते पाचवारी."

मी रस्त्यातच थांबलो. अगदी खरं होतं. पाचवारीच्या निऱ्या पुढे पावलावर आपटतात, फटफट करतात. नऊवारीला कासोटा असतो, तिथे कापडावर कापड घासतं ते दोन्ही पायांच्या मध्ये, आणि आवाज कोरडा, दबका, वर गुडघ्याच्या आसपास राहतो. ज्या आईच्या मागे लहानपणभर मी घरात फिरलो, तिच्या चालण्याचा आवाज मी कधी ऐकलाच नव्हता. सिनेमा लागून गेला होता, आता काही बदलता येणार नव्हतं. त्या रात्री आजीला लुगडं नेसून गॅलरीत फेऱ्या मारायला लावल्या आणि मी फरशीला कान लावून पडून राहिलो. पुढच्या वेळी तसा शॉट आला तेव्हा आजीचंच जुनं सुती लुगडं कासोटा घालून नेसलो आणि मग चाललो.

तुमच्या वर्गात युक्त्या शिकवतीलच: नारळाच्या करवंट्यांनी घोड्याच्या टापा, पिशवीत कॉर्नफ्लॉर भरून दाबलं की बर्फातलं चालणं, जुन्या कॅसेटच्या टेपचा गुंता चुरगाळला की गवत. शिकून घे, मजा आहे त्यात. पण त्यांपैकी प्रत्येक गोष्ट कुणीतरी कधीतरी कान देऊन शोधलेली आहे, हे विसरू नकोस. 'स्टार वॉर्स'मधल्या बंदुकांचा आवाज त्या सिनेमाचे आवाज घडवणाऱ्या बेन बर्टला तयार कुठे मिळाला नव्हता. त्याने रेडिओ टॉवरच्या ताणलेल्या तारेवर हातोडी मारली आणि ती झणझण टिपून आणली. आज तोच आवाज जगभरच्या पोरांच्या तोंडी आहे. ज्याच्या नावाने आपलं काम ओळखलं जातं त्या जॅक फोलीलाही तयार काहीच नव्हतं. 1929 मध्ये युनिव्हर्सल स्टुडिओचा 'शो बोट' मूकपट म्हणून तयार झाला होता आणि तोवर बोलपटांची लाट आली. मग त्याला आवाज चढवायची वेळ आली, तेव्हा पडद्यासमोर उभं राहून, ऑर्केस्ट्रा वाजत असताना, फोली आणि त्याच्या माणसांनी हालचालींचे आवाज काढले.

प्रत्यक्ष चालायला लागशील तेव्हा नटाच्या पायांकडे बघू नकोस. अर्ध्या शॉटमध्ये पाय दिसतच नाहीत. खांद्यांकडे बघ. वजन कोणत्या बाजूला पडतंय ते खांदा आधी सांगतो, पाऊल नंतर पडतं. आणि स्टुडिओतल्या फरशीच्या पट्टीवर जागच्या जागीच चालायचं असतं, तेव्हा टाच आधी टेकव आणि वजन हळू पुढे आण, नाहीतर कवायतीसारखं वाजतं. पहिल्या महिन्यात पोटऱ्या भरून येतील. कोमट पाण्यात मीठ घालून पाय बुडव.

अजून एक. शूटिंगला पाठवतील तेव्हा प्रत्येक लोकेशनवर शेवटी सगळ्यांना गप्प उभं करून रूम टोन, म्हणजे त्या जागेची नुसती शांतता, घ्यायला विसरू नकोस, निदान 30 सेकंद तरी. पॅकअपची घाई असते, लाइटवाले केबल गुंडाळायला लागलेले असतात, नवीन मुलीचं कुणी ऐकत नाही. तरी माग. दोन संवादांच्या मधली जागा भरायला त्या खोलीची शांतता लागते, आणि ती दुसऱ्या कुठल्या खोलीची चालत नाही. मला स्वतःला तो क्षण फार आवडतो. पन्नास-साठ माणसं एकदम स्तब्ध, आणि मग हळूहळू पंख्याचा, वासे कुरकुरल्याचा, लांबच्या विहिरीवरच्या पंपाचा आवाज वर येतो.

गणपतीला येशील तेव्हा रेकॉर्डर घेऊन ये. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आजीची चाल बदललीय. आधी काठी, मग डावा पाय, मग उजवा थोडा घासत येतो. पहाटे साडेपाचला ती दूध आत घ्यायला दाराशी जाते, तेव्हा रस्ता शांत असतो. फ्रिज आणि पंखा बंद कर, माइक जमिनीपासून वीतभर वर ठेव आणि तू दाराआड बस. तिला आधी सांगू नकोस, नंतर ऐकव. आधी सांगितलं की ती नीट चालायला लागते.

तुझा,
बाबा