शपथ झाली, नावनोंदणीचे काय?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

२५ जानेवारीला राष्ट्रीय मतदार दिन आला की महाविद्यालयांत शपथ होते, फलक घेऊन फेरी निघते, फोटो विद्यापीठाकडे जातात आणि राष्ट्रीय सेवा योजनेच्या (रासेयो) स्वयंसेवकाच्या वर्षाच्या १२० तासांत काही तासांची भर पडते. शपथ घेणाऱ्यांपैकी किती जणांचे नाव मतदारयादीत आहे, हे मात्र कोणी विचारत नाही.

खरी अडचण वसतिगृहातल्या मुलामुलींची. किमान वर्षभराच्या मान्यताप्राप्त अभ्यासक्रमाला असलेला विद्यार्थी आईवडिलांच्या किंवा वसतिगृहाच्या, कोणत्याही एका पत्त्यावर नाव नोंदवू शकतो. वसतिगृहाचा पत्ता द्यायचा तर निवडणूक आयोगाच्या नमुन्यातले, प्राचार्य, कुलसचिव किंवा अधिष्ठात्यांच्या सहीचे बोनाफाईड (तिथे शिकत असल्याचा दाखला) जोडायचे असते. कार्यालयातून मिळते ते एसटीच्या पासाचे नेहमीचे बोनाफाईड. त्यात वसतिगृहाचा पत्ता नसतो की अभ्यासक्रमाचा कालावधी. मग विद्यार्थी गावचा पत्ता असलेले आधार अपलोड करून मोकळा होतो. अर्जात पत्ता एक, पुराव्यात दुसरा. पडताळणीला बीएलओ (मतदान केंद्रस्तरीय अधिकारी) येतात तेव्हा मुले तासाला गेलेली असतात, वसतिगृहाच्या रेक्टरना काही कल्पना नसते आणि अर्ज नामंजूर होतो.

दुसरा घोळ अर्ज निवडण्यात. नमुना ६ फक्त पहिल्यांदा नाव नोंदवणाऱ्यांसाठी आहे. गावी आधीच नाव असेल तर स्थलांतरासाठी नमुना ८ भरावा लागतो. शिबिरात मात्र सरसकट ६ वाटले जातात. त्यावर आपले नाव अन्यत्र नसल्याची सही असते, आणि जाणूनबुजून खोटे लिहिणे हा १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ३१ खाली गुन्हा आहे. अठराएकोणीस वर्षांच्या पोराकडून अशी सही घेणाऱ्याने एवढे तरी सांगायला हवे.

वेळही चुकते. आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार अर्हता तारखा, म्हणजे अठरा पूर्ण असण्याच्या तारखा, आहेत, आणि १७ पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्ज करता येतो. तरी आपली मोहीम निवडणूक जाहीर झाल्यावरच जागी होते. २०२५ च्या स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकांसाठी १ जुलैची विधानसभा यादी धरली गेली. त्यानंतर भरलेल्या अर्जांचा त्या मतदानाला उपयोग नव्हता.

विद्यापीठाने एक परिपत्रक काढले तरी बरेच काम होईल. प्रवेशाच्या वेळीच योग्य नमुन्यातले बोनाफाईड द्यावे. प्रत्येक वसतिगृहात रेक्टरांसोबत दोन स्वयंसेवक नेमावेत. त्यांनी अर्जांचे संदर्भ क्रमांक नोंदवून ठेवावेत, बीएलओंना संध्याकाळची वेळ कळवावी आणि त्या वेळी अर्जदारांना खोलीवर थांबवावे. रासेयोचे तास फेरीला देण्यापेक्षा यादीत नाव लागेपर्यंतच्या पाठपुराव्याला द्यावेत. कॉटबेसिसवर, म्हणजे खोलीतली एक खाट भाड्याने घेऊन, राहणाऱ्यांचे काम किचकट आहे, कारण भाडेकरार नसतो आणि वीजबिल मालकाच्या नावावर असते; त्यांच्यासाठी प्रत्यक्ष पडताळणीची मागणी मतदार नोंदणी अधिकाऱ्याकडे लेखी करावी.

आणि अर्ज भरण्याआधी एक गोष्ट स्पष्ट सांगावी: नाव पुण्यात आणले की गावच्या ग्रामपंचायतीचे मतही जाते. ज्यांना ते सोडायचे नाही, त्यांना आग्रह करू नये.

आपला,
एक रासेयो कार्यक्रम अधिकारी, पुणे