रंकाळ्यावरच्या तिघांचे आभार

रविवारी सकाळी रंकाळा चौपाटीवर कावळ्यांच्या तावडीतून कॉकाटील (तुरेवाला छोटा पोपट) सोडवणारे भेळवाले दादा, त्याला गुंडाळायला स्वतःची ओढणी देणारी ताई आणि भाडं न घेता डॉक्टरांकडे पोहोचवणारे रिक्षावाले मामा, तुमचे मनापासून आभार. गडबडीत नावं विचारायची राहिली.

एका पंखाची पिसं कातरलेली, म्हणजे कुणाचा तरी पाळलेलाच. पण पंधरा दिवस झाले, मालकाचा पत्ता नाही. जखम भरलीय. राळं खातो, पिवळा तुरा उभारून थेट कुकरसारखी शिट्टी मारतो (माझा भात दोनदा कच्चा उतरला).

‘सोडून द्या की,’ म्हणतात लोक. अहो, ही जात मूळची ऑस्ट्रेलियाची, पाळलेला इथं मोकळा कसा जगणार? आमच्याकडे मांजर, म्हणून त्याला कायमचं घर शोधतोय. मामा, पहिला मान तुमचा.