चेअरमनला परग्रहवासी करा, मग छापतो!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला विज्ञानकथेवरचा लेख वाचला. सोमवारी सकाळी पुन्हा वाचला आणि पुन्हा तेवढाच राग आला, म्हणून लिहायला बसलो. लेखकमहाशयांचा व्यासंग मोठा आहे, भाषा तर फारच गोड. पण पूर्वीची विज्ञानकथा म्हणे निर्मळ होती आणि हल्ली तिच्यात विचारसरणी घुसली! बरे, निर्मळ कोण? तर पहिलेच नाव इंग्रज कादंबरीकार एच. जी. वेल्स.

आता काय बोलावे? 1895 साली 'द टाइम मशीन' या कादंबरीत या गृहस्थाने भविष्यातली माणसे दोन जातींत वाटून टाकली. वर उन्हात बागडणारी नाजूक मंडळी, खाली अंधारात यंत्रे चालवणारी. आणि खालचे रात्री वर येऊन वरच्यांना खातात. 1898 मध्ये 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स'मध्ये मंगळावरची फौज इंग्लंडवर उतरवली, तर पहिल्याच प्रकरणात वाचकाला बजावले, की त्यांना क्रूर म्हणण्याआधी युरोपियनांनी टास्मानियात काय केले ते आठवा. पुढे हा माणूस 'फेबियन' या इंग्रज समाजवादी संघटनेत सामील झाला. यात राजकारण नसेल, तर मग आमच्या जिल्हा परिषदेतही नाही.

अमेरिकेतल्या विज्ञानकथेच्या 'सुवर्णकाळा'चेही तेच. जून 1968 च्या 'गॅलक्सी' या विज्ञानकथांच्या मासिकात व्हिएतनाम युद्धावर लेखकांच्या सह्यांच्या दोन जाहिराती समोरासमोर छापून आल्या होत्या. अमेरिकेने तिथे राहावे म्हणणाऱ्यांत हाइनलाइन, विरोधात आसिमोव्ह, ब्रॅडबरी, ले ग्विन. ही आपल्या लेखातली 'राजकारणापासून दूर असलेली पिढी'! आणि विज्ञानकथेच्या ह्युगो पुरस्कारांतल्या 2015 च्या भांडणावर अर्धा स्तंभ रंगवणाऱ्या लेखकमहाशयांना 2023 साल आठवू नये? चीनमधल्या चेंगडूला पुरस्कार होते तेव्हा पात्र पुस्तके आयोजकांनीच यादीतून गपचूप उडवली. त्यावर एक ओळ नाही. असो.

नारळीकर सरांना मात्र त्यांनी सोवळे नेसवून बसवले आहे, ते सहन होत नाही. सर आता खुलासा करायला नाहीत, म्हणून सांगतो. 'गंगाधरपंतांचे पानिपत' पुन्हा काढून वाचा. गोळी विश्वासरावांना न लागता निसटून जाते आणि पानिपत आपण जिंकतो, एवढ्यावर आपल्याकडच्या कुणीही अटकेपार झेंडे लावून कथा संपवली असती. सरांनी पुढे काय केले? दिल्लीचा बादशहा नावापुरता उरला, कंपनी कोपऱ्यात राहिली आणि देश हळूहळू लोकशाहीकडे गेला. जिंकल्यावर काय करायचे असते, याबद्दल या माणसाचे ठाम मत होते आणि ते त्याने बिनदिक्कत मांडले. राहिली लेखातल्या तटस्थ परीक्षकांची गोष्ट. 1974 च्या मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी कथा पाठवली ती 'नारायण विनायक जगताप' या नावाने, आपली ज. वि. ना. ही आद्याक्षरे उलटी करून. परीक्षकांच्या तटस्थतेवर बहुधा त्यांचाही फार भरवसा नसावा.

माझाही नाही. त्याचे कारण सांगतो.

2018 आणि 2019 च्या पावसाळ्यात पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने आपल्या सोलापुरात ढगांवर प्रयोग केले, ते वाचकांना आठवत असेल. विमानाच्या पंखाला क्षाराच्या नळकांड्या लावायच्या, ढगाच्या तळाशी जाऊन त्या पेटवायच्या, क्षाराचे कण बाष्प ओढतात, थेंब मोठे होतात आणि पडतात. पुढे निष्कर्ष आले, की बीजारोपण केलेल्या, म्हणजे क्षार सोडलेल्या, ढगांपासून वारा ज्या दिशेला वाहत होता तिकडच्या टापूत पाऊस सुमारे 18 टक्के वाढला. उत्तम काम. माझा जन्म पाटबंधारे खात्यात गेला. पाऊस 18 टक्के वाढला म्हटल्यावर माझ्या डोक्यात पहिला प्रश्न आला, तो पडला कुणाच्या रानात?

त्यावर मी एक कथा लिहिली, 'ढगाचे आवर्तन'. कालव्याला जसे आवर्तन, म्हणजे पाणी सोडण्याची पाळी, असते तसे तिच्यात ढगांना असते. टेल टू हेड, म्हणजे शेपटाकडच्यांना आधी. त्यासाठी सरकारने एक आभाळाचा पाटकरी, म्हणजे पाळीने पाणी सोडणारा, नेमलेला आहे. एक चांगला भरलेला ढग मंगळवेढ्याच्या कोरडवाहू ज्वारीसाठी लागलेला असतो. पण साखर कारखान्याच्या चेअरमनचा फोन येतो आणि नळकांडी दहा मिनिटे आधी पेटते. बस्स. वारा तोच, ढग तोच, ठरलेला मीठमसालाही तोच, फक्त पाऊस अलीकडे उसावर उतरतो. नोंदवहीत लिहिले जाते 'प्रयोग यशस्वी', आणि ते खोटेही नसते. पाटकरी ती नोंद घरी नेऊन बायकोला वाचून दाखवतो, तिथे कथा संपते. ढग ताशी किती वेगाने सरकेल, थेंब व्हायला किती वेळ लागेल, सगळा हिशेब मी विज्ञानाच्या एका प्राध्यापकांकडून तपासून घेतला होता.

इथल्याच एका दिवाळी अंकाकडे पाठवली. हस्तलिखित परत आले. 'चेअरमन' हा शब्द जिथे जिथे आला होता तिथे लाल गोल. पान तीनच्या समासात बारीक अक्षरात: 'विज्ञानकथेत राजकारण नको. तटस्थता हवी.' आणि शेवटच्या पानावर तोडगा! 'चेअरमनच्या जागी परग्रहवासी घालता येईल का? मग अवश्य छापू.' मी तो कागद जपून ठेवला आहे, कुणाला बघायचा असेल तर घरी यावे. परग्रहवाशाला मंगळवेढ्याच्या ढगाशी काय देणेघेणे? त्याचा गाळप हंगाम कधी सुरू होतो?

अंक निघाला तो विकत घेतला. मुखपृष्ठ उलटले की पानभर रंगीत फोटो, हात जोडलेला, 'तमाम वाचकांना दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा'. कुणाचा ते सांगायला नको. आत विज्ञानकथाही होती. आपले शूर वीर मंगळावर जातात, तिथले हिरवे रहिवासी अडाणी आणि आळशी निघतात, आपण त्यांना शिस्त लावतो, पाट काढून देतो, आणि ते रांगेत उभे राहून आपल्या सेनापतीला मुजरा करतात. हिला पारितोषिक. परीक्षकांचा अभिप्राय छापला होता: 'निखळ विज्ञाननिष्ठ कल्पनारम्यता'. म्हणजे मंगळाला पाणी पोचले तर ते विज्ञान, मंगळवेढ्याला पोचवायचे म्हटले की राजकारण.

लेखकमहाशयांनी 'विचारसरणीने कथा मारली' म्हणून जी उदाहरणे दिली आहेत, ती सगळी त्यांना न पटणाऱ्या विचारांची आहेत. पटणारा विचार कथेत असला की तो त्यांना दिसतच नाही, हवेसारखा. माझे भांडण इतकेच आहे. प्रचारकी कथा मलाही वाचवत नाहीत. शेवटच्या परिच्छेदात सगळे मजूर लाल सूर्याकडे चालत निघतात असल्या कथा मी पुष्कळ वाचल्या आणि पुष्कळ रद्दीत घातल्या. डाव्यांचे सोवळेही काही कमी कडक नव्हते. झाम्यातिन नावाच्या रशियन लेखकाने 1920-21 मध्ये लिहिलेली कादंबरी त्याच्या स्वतःच्या देशात छापून यायला 1988 उजाडले. तिथेही 'नको ते राजकारण' नकोच होते. वाईट कथा वाईट म्हणून नाकारा, माझीही नाकारा. तटस्थतेचे नाव कशाला?

ओघात आठवले म्हणून. 1905 साली बंगालच्या लेखिका बेगम रुकैया यांनी मद्रासच्या एका मासिकात कथा लिहिली, तिच्यात स्त्रिया राज्य करतात आणि त्यांचे विद्यापीठ ढगांतून नळीने परस्पर पाणी ओढून घेते. शंभरावर वर्षे झाली. सोलापुरात अजून नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येते, तेही रात्री कधी येईल याचा नेम नाही. उजनी धरण भरलेले असतानाही. या विषयावर मी मार्चमध्ये आपल्याला पत्र पाठवले होते. ते विज्ञानकथा समजून बाजूला ठेवले गेले असल्यास कळवावे.

आणखी एक. लेखासोबत जे चित्र आहे त्यातल्या यंत्रमानवाच्या डाव्या हाताला सहा बोटे आहेत आणि मागच्या फळ्यावरची अक्षरे कुठल्याच भाषेतली नाहीत. खाली चित्रकाराचे नाव नाही. पूर्वी आपल्या पुरवणीत कोपऱ्यात छोटी सही असायची. ती सही करणारे गृहस्थ हल्ली काय करतात? त्यांचे मानधन कुणी वाचवले आणि कशाने, यावर एखादी विज्ञानकथा मागवावी असे सुचवतो. निर्मळच लिहायला सांगा.

पत्र मोठे झाले आहे याची कल्पना आहे. जागेअभावी कापायचे झाल्यास वेल्सचा परिच्छेद कापा, चेअरमनचा ठेवा.

आपला,
एक निवृत्त कालवा निरीक्षक, सोलापूर