मांडीपर्यंत वारूळ, दंडापर्यंत वेल

तालुका हातकणंगले,
दि. १४ सप्टेंबर २०२५

चि. ताईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू मोबाईलवर पाठवलेली तिन्ही छायाचित्रे पाहिली. पहिल्यात शाडूची मूर्ती उभी आहे, दुसऱ्यात ती घोट्यापासून पुढे कलली आहे आणि तिसऱ्यात ओल्या फडक्याखाली मातीचा ढीग आहे. फोनवर तुझा आवाज भरून आला होता, म्हणून मी त्या वेळी काही बोललो नाही. माझे बोलणे तसेही फोनपेक्षा कागदावर बरे उतरते, असे तुझी आई म्हणतेच.

आतली सळई बारीक पडली, असे तू म्हणालीस. ती बारीक असेलही. पण एक पाय पायरीवर, दोन्ही हात आभाळाकडे फेकलेले, छाती दुभंगलेली आणि त्या भेगेतून निघणारा पक्षी, एवढा सगळा भार एका घोट्यावर आल्यावर जाडी सळई तरी किती दिवस टिकली असती, कोण जाणे. दोन महिन्यांची मेहनत मातीत गेली याचे मला वाईट वाटले. तरी खरे सांगायचे तर ती मूर्ती उभी होती तेव्हाही मला पुरती पटली नव्हती. ‘अंतर्यात्रा’ हा विषय तुला मिळाला आणि तू यात्रेतली सगळी धावपळ मूर्तीच्या अंगावर घातलीस. ‘अण्णा, दगड हलत नाही, मग माणसाच्या आत चाललेला प्रवास त्यात दाखवायचा कसा,’ असे तू विचारलेस. मी भाषेचा शिक्षक. छिन्नी कधी हातात धरलेली नाही. पण एक मूर्ती मी वयाच्या नवव्या वर्षापासून पाहत आलो आहे, तिच्याबद्दल लिहितो.

ती म्हणजे कर्नाटकातल्या श्रवणबेळगोळची बाहुबलीची मूर्ती. तिथे मी पहिल्यांदा गेलो तो १९८१ साली, महामस्तकाभिषेकाच्या, म्हणजे मूर्तीच्या डोक्यावरून होणाऱ्या मोठ्या अभिषेकाच्या वेळी. मूर्तीला एक हजार वर्षे झाली म्हणून त्या वर्षी आपल्या भागातून गाड्या भरभरून माणसे गेली होती. तुझ्या पणजोबांनी मला बोटाला धरून विंध्यगिरीच्या सहाशेहून अधिक पायऱ्या अनवाणी चढवल्या. डोंगर एकसंध ग्रॅनाइटचा आहे आणि बहुतेक पायऱ्या त्याच खडकात खोदलेल्या आहेत. खालून, लांबून पाहिले की आवाराच्या भिंतीवर फक्त खांदे आणि डोके दिसते. एखादा उंच माणूस परड्याच्या कुंपणापलीकडून पाहत असावा तसे. आत गेल्यावर मात्र सत्तावन्न फूट एकदम अंगावर येतात. आपल्या कुंभोजच्या डोंगरावरची अठ्ठावीस फुटांची संगमरवरी मूर्ती तू जन्मापासून पाहिली आहेस. तिच्या दुप्पट उंची मनात धर, पण संगमरवराचा पांढरा झगझगाट वजा कर.

जैन पुराणांतली बाहुबलीची कथा तुला पाठ आहे, ती पुन्हा सांगत नाही. शिल्पकाराच्या नजरेने मात्र ती एकदा तपासून पाहा. कोरण्याजोगे प्रसंग तिच्यात खच्चून भरले आहेत. भरत चक्रवर्तीचे चक्र अयोध्येच्या वेशीवर अडते. सैन्ये समोरासमोर येतात आणि रक्तपात नको म्हणून दोघा भावांमध्येच दृष्टियुद्ध, जलयुद्ध आणि मल्लयुद्ध ठरते. बाहुबली उंच, म्हणून भरताने उडवलेले पाणी त्याच्या छातीपर्यंतच पोहोचते. शेवटी तो थोरल्या भावाला दोन्ही हातांवर उचलतो, पण आपटत नाही. हरलेला भरत चक्र फेकतो, ते बाहुबलीला प्रदक्षिणा घालून थांबते, आणि जिंकलेल्या घटकेलाच बाहुबलीला राज्याची शिसारी येते. यांतला कोणताही क्षण एखाद्या देवळाच्या भिंतीवर शोभला असता. विंध्यगिरीच्या शिल्पकाराने हे सगळे बाजूला ठेवले आणि राज्य सोडल्यानंतरचे, ज्यात काहीच घडत नाही ते तपाचे एक वर्ष निवडले. माणूस उभा आहे. हात खाली सोडलेले, नजर सरळ, अंगावर वस्त्र नाही. एवढेच.

मग प्रवास कुठे आहे? तो वेलात आहे. माधवीचा वेल पायांपासून निघतो, दोन्ही मांड्यांना वेढे घालतो, हातांवर चढतो आणि दंडावर जाऊन फुला-फळांच्या घोसात संपतो. वेलाला दंडापर्यंत चढायला किती ऋतू लागतील, हे शेतकऱ्याच्या पोराला कोणी सांगावे लागत नाही. मूर्ती जागची हलत नाही, पण तिच्यावरून काळ चढत गेलेला दिसतो. तू प्रवास मूर्तीच्या हातापायांना करायला लावलास. त्याने तो पानांना करायला लावला. माझ्या अल्पमतीप्रमाणे तुझ्या प्रश्नाचे निम्मे उत्तर इथेच आहे.

उरलेले निम्मे तुझ्या मोडलेल्या घोट्याशी संबंधित आहे. मूर्तीच्या पायांच्या दोन्ही बाजूंना वारुळे कोरलेली आहेत आणि त्यांतून साप डोके काढत आहेत. कथेच्या दृष्टीने ती तपाची खूण आहे: माणूस इतका निश्चल, की मुंग्यांनी त्याला जमिनीचाच भाग मानले. पण ही वारुळे मांडीपर्यंतच येतात. त्यावर मूर्तीला मागून-पुढून कसलाही टेकू नाही. म्हणजे जे वारूळ गोष्ट सांगते, तेच पायांचे वजनही तोलते. २००६ साली हे माझ्या ध्यानात आले तेव्हा मी आपल्या गवंड्याला सांगावे तसे शेजारच्या अनोळखी गृहस्थांना हाताला धरून दाखवले होते. ते बिचारे माळ जपत होते. तुमच्याकडे आधाराची सळई लपवायची असते. इथे आधारच सर्वांसमोर आहे आणि तो आधार आहे अशी शंकाही कोणाला येत नाही.

हातांकडेही पाहा. कायोत्सर्ग म्हणजे देहाचा त्याग, तोही देह उभा असताना. हात खाली सोडलेले असतात, पण अंगाला चिकटलेले नसतात. दंड आणि बरगड्या यांच्यामध्ये जी पोकळी उरते ती एवढ्या प्रचंड खडकात कोरून काढताना किती जीव मुठीत धरावा लागला असेल, हे माझ्यापेक्षा तुला अधिक कळेल. वर फेकलेला हात काहीतरी मागत असतो, नाहीतर कशाचा तरी निषेध करत असतो. सोडून दिलेल्या हाताला काही कामच उरलेले नसते. मूर्ती निर्दोष आहे असे मात्र समजू नकोस. गुडघ्यांखालचा भाग वरच्या अंगाच्या मानाने आखूड आहे, हे जाणकारांनी दाखवून दिलेले आहे आणि एकदा कळल्यावर ते दिसतेही. त्याने काही बिघडत नाही.

आता कथेतला जो भाग मला सर्वांत अवघड वाटतो, त्याकडे येतो. वर्ष उलटले, वेल दंडाला पोहोचला, तरी केवलज्ञान, म्हणजे पूर्ण ज्ञान, झाले नाही. मनात एक शल्य उरले होते. आपण उभे आहोत ती भूमी भरताची, हे ते शल्य, असे आपल्याकडे सांगतात. माझ्यामुळे भावाला क्लेश झाला, ही ती बोच, असेही सांगतात. भरत येऊन पायांशी वाकला तेव्हा ते निघाले. श्वेतांबर परंपरेत ब्राह्मी आणि सुंदरी या बहिणी येतात आणि ‘भाऊ, हत्तीवरून खाली उतर’ म्हणतात. हत्ती म्हणजे अहंकार. रानात, उघड्या अंगाने, जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाला! वेरूळच्या इंद्रसभेत, म्हणजे ३२व्या लेण्यात, बाहुबलीच्या दोन बाजूंना दोन स्त्रिया आहेत. कोणी त्यांना बहिणी मानतात, कोणी वेली दूर करणाऱ्या विद्याधरी म्हणतात. बदामीच्या चौथ्या लेण्यातल्या सहाव्या-सातव्या शतकातील बाहुबलीजवळही स्त्रिया आहेत.

तुला ठाऊक नसलेली एक गोष्ट इथे लिहितो. २००६ साली मी श्रवणबेळगोळला गेलो तो बांधाचा दावा जिंकून. सव्वा हात जमीन मला मिळाली होती आणि तुझ्या काकांचे आणि माझे बोलणे अकरा वर्षे बंद होते. अभिषेकाच्या गर्दीत उभा राहून मी तो चेहरा पाहत होतो आणि प्रथमच मला त्याचा राग आला. एवढे शांत राहायला याचे काय गेले, असे वाटले. परत आल्यावर पुढच्याच महिन्यात तुझ्या आत्याने आम्हा दोघांना, एकमेकांना न सांगता, एकाच दिवशी जेवायला बोलावले. ताटे शेजारी मांडली होती. तिला लिहिता-वाचता येत नाही आणि वेरूळ तिने आजवर पाहिलेले नाही. २०१८ च्या अभिषेकाला मी आणि तुझे काका एकाच गाडीने गेलो. तेव्हा दूध, उसाचा रस, तांदळाचे पीठ, हळद, चंदन असे एकामागून एक ओतले जात होते आणि ती काळसर-करडी मूर्ती पांढरी, पिवळी, तांबूस होत होती. काकांनी मला कोपराने ढोसून दंडावरचे एक पान दाखवले. दूध त्या पानाच्या खळग्यात साचत होते आणि थोड्या वेळाने एकदम खालच्या पानावर सांडत होते.

त्या चेहऱ्याबद्दल माझे स्वतःचे मत असे की, बदामीचा बाहुबली शल्य निघण्यापूर्वीचा आहे आणि विंध्यगिरीचा नंतरचा. बदामीत जटा खांद्यांवर आलेल्या, साप पायांशी, सगळे अजून चालू आहे. विंध्यगिरीवर केस कुरळे आणि आटोपशीर, ओठांवर किंचित हसू, आणि वेली काढायला जवळ कोणीही नाही. शल्य गेले आणि वेल राहिला. कोणी अभ्यासक हे मत मान्य करील की नाही, त्याची मला पर्वा नाही.

पायांशी ‘श्रीचावुण्डराजें करवियलें’ हे मराठी अक्षर आहे, ते मी दरवर्षी नववीच्या मुलांना शिकवतो. आद्य मराठी शिलालेख हाच की रायगड जिल्ह्यातल्या अक्षीचा शके ९३४ चा, हा वाद सध्या सोडून दे. तू क्रियापदाकडे पाहा. ‘केलें’ नाही, ‘करवियलें’. करवून घेणारा चामुंडराय, गंग राजांचा मंत्री आणि सेनापती, आपल्या नावानिशी तिथे आहे. ज्याने केले त्याचे नाव त्या ओळीत नाही, पण प्रत्ययात तो उभा आहे. चामुंडरायाचीही एक आख्यायिका आहे. त्याने हंडेच्या हंडे दूध ओतले, तरी ते मूर्तीच्या मांडीखाली उतरेना. मग एका म्हातारीने फळाच्या करवंटीतून आणलेले चमचाभर दूध ओतले आणि ते पायांपर्यंत वाहत गेले. त्या गुळ्ळकायज्जीची मूर्ती आवाराबाहेर, बाहुबलीकडे तोंड करून उभी आहे. सत्तावन्न फूट पाहून बाहेर पडणारे लोक तिच्याकडे लक्ष देत नाहीत. तू दे.

पण त्याआधी एक काम कर. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात बाहुबलीची एक कांस्यमूर्ती आहे, टेबलावर मावेल एवढी, आणि विंध्यगिरीच्या मूर्तीपेक्षाही जुनी मानलेली. केस मागे वळवलेले, बटा खांद्यांवर उतरलेल्या आणि अंगावर बारीक वेल. येत्या रविवारी वही घेऊन जा आणि एकच प्रश्न घेऊन बघ: एवढ्या लहान आकारात शिल्पकाराने वेल त्वचेवर ठेवला आहे, की त्वचेतून उगवलेला दाखवला आहे? मला उत्तर लिहून कळव. दिवाळीत तू आलीस की आपण तिघे-चौघे हासनच्या बाजूने श्रवणबेळगोळला जाऊ. पायऱ्या पहाटेच चढायच्या, कारण ऊन चढले की खडक तापतो आणि अनवाणी पावले भाजतात. काका यायचे म्हणतात. आत्यालाही या वेळी डोलीतून वर नेण्याचा विचार आहे.

परसात तुझ्या आईने घेवडा लावला आहे. तुझी छायाचित्रे आली त्या संध्याकाळी वेलाचे टोक काठीवर जिथे होते, तिथे मी खडूने खूण केली. आज पाचवा दिवस. टोक खुणेपासून एक वीत आणि चार बोटे वर गेले आहे आणि काठीभोवती दोन वेढे झाले आहेत. काल दुपारी तासभर खुर्ची टाकून बसलो, पण ते हलताना काही दिसले नाही. रोजच्या वेढ्यांचे रेखाटन केले आहे, ते शेंगदाण्याच्या चटणीच्या डब्याबरोबर पाठवतो. माझा हात चित्राचा नाही, त्यामुळे पाने पानांसारखी दिसणार नाहीत. अंतरे मात्र फूटपट्टीने मोजली आहेत.

तुझे,
अण्णा