नकाशा घरीच उतरवून घ्या

‘जंगलभ्रमंतीसाठी मोबाइल ॲप’ हा लेख वाचला. पायवाटेची लांबी, चढ-उतार, बंद वाटा हे सारे ॲपमुळे घरबसल्या कळते, हे मान्य. पण एक कळीची गोष्ट लेखात राहून गेली. जीपीएसला इंटरनेट लागत नाही. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरच्या किमान ४ उपग्रहांचे संकेत मिळाले की फोनला आपली जागा कळते. नकाशा मात्र आधी फोनमध्ये उतरवून (डाउनलोड करून) घेतला नसेल, तर रेंज गेल्यावर कोऱ्या राखाडी पडद्यावर निळा ठिपका तेवढा उरतो. दोन वाटा फुटतात तिथे तो ठिपका पाहत मी हताशपणे उभा राहिलो आहे. दाट झाडीत तर तोही भरकटतो. ‘निघण्यापूर्वी नकाशा उतरवा’ ही सूचना अशा प्रत्येक ॲपने पहिल्याच पडद्यावर ठळकपणे द्यायला हवी.

– एक वाचक